९ एएचच्या स्टिकरपेक्षा तराजूवर विश्वास ठेवा

प्रश्न : माझ्याकडे १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर आहे. घरचं फर्निचर, शेल्फ, शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामं एवढाच वापर. सोबत आलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक आता मोजक्या स्क्रूंतच मान टाकते. दुसरी वर्षभर पेटीत पडून होती; ती चार्जरला लावली की दिवा लुकलुकतो आणि पुढे काहीच होत नाही. कंपनीची नवी बॅटरी घ्यावी तर किंमत जवळजवळ अख्ख्या ड्रिलएवढी. त्याच साच्यातली ‘कम्पॅटिबल’ बॅटरी ऑनलाइन एक तृतीयांश किमतीत मिळते, आणि तिच्यावर चक्क ९ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलंय. माझ्या मूळच्या तर फक्त २ एएचच्या होत्या! मित्र म्हणतो, जुन्याच उघडून सेल बदलून घे. पुढेमागे अँगल ग्राइंडर घ्यायचाही विचार आहे. शिवाय वडिलांचं १४.४ व्होल्टचं निकेल-कॅडमियमवालं ड्रिल धूळ खात पडलंय, त्यात लिथियम बसवता येईल का? पैसे जपून खर्च करायचेत, पण दर वर्षी तोच खर्चही नको.
— एक हौशी सुतार

सुतारबुवा, नमस्कार.

ती ९ एएचची बॅटरी घेऊ नका. उत्तर एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण पैसे नेमके कुठे टाकायचे हे ठरवायचं असेल, तर बॅटरीच्या पोटात काय असतं ते एकदा बघून घेऊ. या बाजारातली सगळी चलाखी डब्यावरच्या स्टिकरवर चालते. डब्याच्या आत काय मावतं याला मात्र ठरलेल्या मर्यादा आहेत, आणि त्या तुम्हाला घरबसल्या तपासता येतात.

आधी जुन्या दोघींचं बघू. पेटीत पडलेली बॅटरी चार्जरने नाकारली आहे, दिवा लुकलुकण्याचा अर्थ तोच. कधी कधी कारण साधं असतं. टर्मिनलवर लाकडाचा भुसा किंवा गंज बसलेला असतो, नाहीतर बॅटरी तापलेली किंवा फार गार असते. कोरड्या फडक्याने टर्मिनल पुसा, बॅटरी तासभर खोलीच्या तापमानाला राहू द्या आणि पुन्हा लावून बघा. तरीही तेच झालं तर मल्टिमीटर घ्या आणि प्लस-मायनसवर व्होल्टेज मोजा. १८ व्होल्टच्या बॅटरीत सेलच्या पाच पायऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक पायरी ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण २१. रिकामी झाली असं टूल म्हणतं तेव्हा साधारण १५. मीटरवर १२-१३ किंवा त्याहून कमी दिसलं, तर पाचांपैकी एखादी पायरी जवळजवळ शून्यावर गेली असावी किंवा सगळ्याच फार खोल उतरल्या असाव्यात.

असं का झालं? तुम्ही ती अर्धवट रिकामी ठेवून दिली असणार. वापरात नसली तरी बॅटरीतलं सर्किट थोडी थोडी वीज खात राहतं. सेल २ व्होल्टच्या खाली जाऊन तिथेच बरेच दिवस राहिला, की त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुढे तो चार्ज केला की तेच तांबं नको तिथे जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून चांगला चार्जर अशा बॅटरीला हात लावत नाही. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून तिला ‘जागं’ करायचे व्हिडिओ बरेच फिरतात. ते करू नका. ती जागी होतेसुद्धा, पण मग रात्री चार्जिंगला लावून तुम्ही निवांत झोपू शकणार नाही.

मान टाकणारी बॅटरी मात्र वयोमानाने थकली आहे. तिचा अंतर्गत रोध वाढलाय. भार आला की व्होल्टेज एकदम कोसळतो आणि टूलला वाटतं, संपली. तिला हलक्या कामासाठी राहू द्या. बिजागरीचे स्क्रू, प्लायवूडमधली छोटी भोकं, वर्कलाइट एवढं ती अजून बराच काळ ओढेल.

आता त्या ९ एएचकडे येऊ. तुमच्या मूळच्या बॅटरीत बहुधा १८६५० मापाचे पाच सेल आहेत. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी म्हणून हे नाव. या मापाच्या एका सेलमध्ये आजवर बाजारात मिळणारी क्षमता फार तर साडेतीन एएचच्या आसपास जाते. तेही लॅपटॉप किंवा टॉर्चसाठी बनवलेल्या सेलमध्ये, जे सावकाश वीज देतात. ड्रिलसारख्या टूलला लागणारा जोरकस करंट देणारे १८६५० सेल दीड ते तीन एएचचे असतात. पाच सेलची एकच रांग असेल तर बॅटरीची क्षमता एका सेलइतकी. दहा सेल, म्हणजे दोन रांगा, तर दुप्पट. बस, गणित इतकंच आहे. पाच सेलमध्ये प्रामाणिकपणे ३ एएचपर्यंत, दहा सेलमध्ये ६ पर्यंत. दहा सेलच्या डब्यावर ९ लिहिलं असेल तर उरलेले ३ एएच छापखान्यात भरले आहेत.

खऱ्या ९ एएचच्या बॅटऱ्या नसतात असं नाही. पण त्यांत १८६५०चे पंधरा सेल तरी असतात, नाहीतर २१७०० मापाचे, म्हणजे २१ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, असे दहा सेल. तसली बॅटरी हातात घेतली की मनगटाला कळतं, वजन किलोच्या आसपास असतं.

हाच मुद्दा तुमच्या कामाचा आहे. सेलचं वजन लपवता येत नाही. १८६५०चा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा आणि २१७०० साधारण ७० ग्रॅमचा. त्यावर डबा, पट्ट्या, सर्किट. म्हणून १८ व्होल्टची पाच सेलवाली छोटी बॅटरी साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरते, दहा सेलवाली सहाशे ते साडेसहाशे, आणि २१७००चे दहा सेल असतील तर नऊशेच्या पुढे. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरेसा आहे. ऑनलाइन विक्रीच्या पानावर वजन दिलेलं असतं, ते आधी बघा. ‘९ एएच, वजन ४२० ग्रॅम’ असं दिसलं तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

दुसरी खूण त्या स्टिकरवरच बारीक अक्षरात असते : वॉट-अवर. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर. १८ व्होल्ट आणि ५ एएच म्हणजे ९०. हवाई वाहतुकीच्या नियमांमुळे हा आकडा लिथियम-आयन बॅटरीवर द्यावा लागतो, आणि नकली स्टिकर छापणारा बऱ्याचदा तो बदलायला विसरतो. वर ठळक ९ एएच आणि खाली ५४ वॉट-अवर असेल, तर ५४ला १८ने भागा. तीन आले ना? तेही खरे असतील तर नशीब.

व्होल्टच्या आकड्यांतही असाच गोंधळ आहे, पण तो थोडक्यात उरकतो. लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरतात. पाच सेलचे १८, आणि पूर्ण चार्ज झाल्या झाल्या २० ते २१. त्यामुळे १८ व्होल्ट, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि २१ व्होल्ट या बहुतेक वेळा एकाच कुळातल्या बॅटऱ्या असतात. डीवॉल्ट एकाच जातीची टूल काही देशांत २० मॅक्स म्हणून विकते आणि बाकी ठिकाणी १८ म्हणून. ‘१२ व्होल्ट मॅक्स’ म्हणजे तीन सेल, खरे १०.८. इथवर ठीक, निदान गणित तरी जुळतं. पण बिननावाच्या टूलवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ असं काहीबाही लिहिलेलं असतं, त्याचा व्होल्टशी काही संबंध नाही. उघडून पाहिलं तर त्याच पाच पायऱ्या. नाव मोठं लक्षण खोटं.

क्षमतेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे करंट, आणि ती कुठल्याच स्टिकरवर नसते. साधं भोक पाडताना ड्रिल फारसं ओढत नाही. पण सातशे वॉटचा ग्राइंडर लोखंडावर दाबला की १८ व्होल्टवर जवळजवळ ४० अँपिअर लागतात. पाच सेलच्या बॅटरीत हा सगळा भार प्रत्येक सेलमधून जातो. दहा सेलच्या बॅटरीत तो दोन रांगांत वाटला जातो, प्रत्येकीला वीस. टूलसाठी बनवलेला चांगला १८६५० सेल २० अँपिअर देऊ शकतो. लॅपटॉपच्या जातीचा सेल पाच-सात अँपिअरच्या पुढे ताणला की तापतो आणि व्होल्टेज सोडतो. म्हणून ४ एएचची दहा सेलवाली बॅटरी २ एएचच्या पाच सेलवालीपेक्षा नुसती जास्त वेळ चालते असं नाही, तिच्यावर तेच टूल जास्त जोराने चालतं आणि बॅटरी कमी तापते. ज्यांनी दोन्ही एकाच इम्पॅक्ट ड्रायव्हरला लावून लांब स्क्रू मारलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मध्यंतरी माझ्याकडे तुम्ही म्हणता तशीच एक ‘९ एएच’ उघडायला आली होती. एक स्क्रू मुद्दाम स्टिकरखाली दडवलेला. आत दहा सेल होते, हे मान्य. सगळ्यांवर निळं कोरं वेष्टन, ना कंपनीचं नाव, ना मॉडेल, ना तारीख. एकाचं वेष्टन ब्लेडने कापलं तर खाली दुसरं, खरचटलेलं, आणि वरच्या टोकाला जुन्या वेल्डिंगचे डाग. म्हणजे हे सेल आधी दुसऱ्या कुठल्यातरी उपकरणात राबून आले होते. जोडपट्ट्या निकेलच्या नव्हत्या, निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या होत्या, कडेला तांबूस गंज आलेल्या. तापमान मोजणारा थर्मिस्टर सेलला चिकटवलेला हवा, तो दोन वायरींवर हवेत लोंबकळत होता. म्हणजे सेल कितीही तापले तरी सर्किटला वाटणार, सगळं गार आहे. बाहेरचे चार दिवे मात्र अगदी छान पेटत होते. त्यांना फक्त व्होल्टेज कळतो, आत वीज किती आहे याचा त्यांना पत्ता नसतो.

त्या लोंबकळत्या थर्मिस्टरची मला सेलपेक्षाही जास्त काळजी वाटते. स्वस्त सेल फार तर लवकर मरतील. पण बॅटरीतलं संरक्षण सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते जास्त चार्ज होऊ देत नाही, फार रिकामं होऊ देत नाही, करंट आणि तापमान मर्यादेबाहेर गेलं की तोडतं. हेच दिखाऊ असेल तर आग लागू शकते. इथे आणखी एक खाच आहे. रिकाम्या बॅटरीला थांबवण्याचं काम सगळ्या कंपन्या बॅटरीत ठेवत नाहीत. काहींच्या बाबतीत ते टूल करतं. अशी बॅटरी प्लास्टिकच्या ॲडॉप्टरने दुसऱ्या कंपनीच्या टूलला लावली, की तिला थांबवणारं कोणीच उरत नाही आणि ती तुमच्या पेटीतल्या बॅटरीच्या वाटेने जाते. ॲडॉप्टर वापरायचाच असेल तर टूलचा जोर कमी वाटला की लगेच बॅटरी काढा, पार थांबेपर्यंत दाबत बसू नका.

तुमच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तुमच्या बॅटरीला लागू पडत नाही. सेल बदलून घेणं तेव्हा परवडतं, जेव्हा डबा आणि मूळ सर्किट धड असतं, बॅटरी दहा सेलची असते आणि काम करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डर असतो. पाच सेलच्या २ एएचच्या बॅटरीवर चांगले सेल आणि मजुरी घालायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय काही कंपन्यांची सर्किटं एकदा बिघाड नोंदवला की कायमची कुलूपबंद होतात, नवे सेल घातले तरी उघडत नाहीत. कधी मोठी बॅटरी अशी करून घ्यायची वेळ आली, तर सगळे सेल एकदम आणि एकाच लॉटचे बदला, एकटा मेलेला सेल बदलून भागवू नका. सेल कोणता घालणार हे मॉडेल नंबरासकट विचारा आणि त्याचा सलग करंट किती ते बघा. पट्टी खऱ्या निकेलची आहे का हे कळायला तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. लोखंड असेल तर गंजेल. कोणी सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवताना दिसला तर बॅटरी उचला आणि घरी या, त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. आणि हे घरी करायचा मोह झालाच, तर हातातली अंगठी-कडं आधी काढा. उघड्या बॅटरीचे अठरा व्होल्ट झटका देत नाहीत, पण शॉर्ट झाले तर धातू लाल होतो.

मग घ्यायचं काय? तुम्हाला ग्राइंडर पुढेमागे हवाच आहे. तो आत्ताच घ्या, तुमच्याच कंपनीचा, तुमच्याच बॅटरीच्या साच्यातला, आणि बॅटरीसकट किटमध्ये. नुसत्या टूलची किंमत आणि किटची किंमत यांतला फरक काढा. बहुतेक वेळा तो फरक सुट्या बॅटऱ्यांच्या किमतीपेक्षा बराच कमी असतो. कंपन्या टूल स्वस्त देऊन पुढे बॅटरीवर कमावतात, मग बॅटरी त्यांच्याकडून टूलच्या भावातच का घेऊ नये? किटमधली बॅटरी मात्र नीट वाचून घ्या. ग्राइंडरच्या किटमध्ये २ एएचची असेल तर ते किट तुमच्या कामाचं नाही. ४ किंवा ५ एएच हवी. आपल्याला एकच पुरते. एक चांगली मोठी कामाला आणि जुनी थकलेली वरकामाला, असं तुमच्या वापराला सहज भागेल.

किट घेताना व्होल्टबरोबर साचाही जुळतोय ना हे बघा. एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींना चालतात असं नाही. बॉशची निळी आणि हिरवी १८ व्होल्टची टूल एकमेकांच्या बॅटऱ्या घेत नाहीत. मकिताच्या १८ आणि ४० व्होल्टच्या मालिका वेगळ्या. उलट रयोबीने १९९६ पासून १८ व्होल्टचा एकच साचा टिकवून धरलाय, आणि मेटाबोने २०१८ मध्ये सुरू केलेल्या सीएएस या गटात अनेक कंपन्यांची टूल एकाच बॅटरीवर चालतात. तुम्ही आज नव्याने सुरुवात करत असता, तर मी टूलच्या आधी हा साचा निवडायला सांगितला असता. आता तुम्ही ज्यात आहात त्यातच राहा, दुसरा चार्जर आणि दुसरी बॅटरी पाळणं महागात पडतं.

ग्राइंडर आत्ता जमतच नसेल, तर कंपनीची ४ एएचची एकच बॅटरी घ्या. नवे टॅबलेस सेल (आतला रोध कमी केलेले) आणि पाऊच सेल (चपट्या पाकिटासारखे) असलेल्या बॅटऱ्या आल्यात. त्या उत्तम आहेत आणि त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजायची तुम्हाला काहीही गरज नाही. तेही बजेटमध्ये बसत नसेल तरच दुसऱ्या उत्पादकाच्या बॅटरीकडे वळा, आणि तेव्हा मोठा आकडा नको, लहान आकडा शोधा. ज्या विक्रेत्याकडे त्याच डब्याची ४ किंवा ५ एएच असं लिहिलेली बॅटरी आहे, तो निदान शक्य असलेली गोष्ट तरी सांगतोय. त्याला विचारा : सेल कोणत्या कंपनीचा, किती, आयईसी ६२१३३चं, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षिततेचं, प्रमाणपत्र आहे का, बदलून देण्याची मुदत किती. सेलचं नाव विचारल्यावर ‘ए ग्रेड आहे’ असं उत्तर आलं, तर समजून घ्या. अशी बॅटरी ड्रिलला आणि ड्रायव्हरला वापरा, ग्राइंडरला नको.

कुठूनही घेतली तरी परत करायची मुदत संपायच्या आत तिला तपासा. पहिलं वजन. मग पूर्ण चार्ज करून मीटरवर २०.५ ते २१ व्होल्ट येतात का ते. मग क्षमता. तुमच्या साच्याचा वर्कलाइट असेल तर याहून सोपी चाचणी नाही : दिवा किती वॉटचा ते बघा आणि विझेपर्यंत घड्याळ लावा. दहा वॉटचा दिवा ९० वॉट-अवरच्या बॅटरीवर ढोबळमानाने आठ-नऊ तास चालायला हवा. तीन तासांत अंधार झाला, तर तुमच्या हातात तीस वॉट-अवर आहेत, स्टिकर काहीही म्हणो. दिव्याने क्षमता कळते, जोर कळत नाही. त्यासाठी जाड लाकडात मोठ्या बिटने लागोपाठ भोकं पाडा. बॅटरी मध्येच तुटली, किंवा हात ठेववत नाही इतकी तापली, तर परत पाठवा.

नवी बॅटरी टिकवायला फार काही लागत नाही. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून, टूलमधून काढून, गार जागी ठेवा. उन्हातल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी ठेवणं तिला सगळ्यात जास्त म्हातारं करतं. कामावरून काढली की लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या, आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नका. दर तीन-चार महिन्यांनी दिवे बघा, एकावर आली असेल तर थोडी भरा. निकेल-कॅडमियमच्या काळातली ‘पूर्ण रिकामी करूनच चार्ज करा’ ही शिकवण लिथियमला उलट मारक आहे. चार्जर मूळचाच वापरा. दुसऱ्या उत्पादकाची बॅटरी असेल तर सावकाश चार्ज करणारा चार्जर बरा, वेळ लागू द्या.

राहिलं वडिलांचं ड्रिल. कॉर्डलेस ड्रिलची सुरुवातच निकेल-कॅडमियमवर झाली. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये पहिलं आणलं तेही याच सेलवर. कॅडमियम विषारी, म्हणून युरोपीय संघाने २०१६ अखेर कॉर्डलेस टूलमधली ही बॅटरी विकणं बंद केलं. तुमच्या ड्रिलमध्ये १.२ व्होल्टचे बारा सेल आहेत, त्यांचे होतात १४.४. लिथियमचे चार सेलही १४.४च होतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर १६.८, म्हणजे मोटरला काही अडचण नाही. अडचण बाकीच्यांना आहे. जुना चार्जर लिथियमला कुठे थांबायचं ते जाणत नाही, तो जोडणं धोक्याचं. आणि जुन्या ड्रिलमध्ये बॅटरी रिकामी झाल्यावर तोडणारं काही नाही, ते सर्किट बॅटरीतच घालावं लागेल. म्हणजे नवे सेल, नवं बीएमएस, नवा चार्जर. इतकं करून हातात येणार कार्बन ब्रशचं, जुन्या चकचं ड्रिल. वडिलांची आठवण म्हणून करत असाल तर जरूर करा, तो हिशेब वेगळा. पैसे वाचवायला म्हणून करू नका.

मेलेली बॅटरी तेवढी कचऱ्यात टाकू नका. टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. देताना लिथियमची आणि वडिलांच्या ड्रिलमधली कॅडमियमची वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तसं सांगा, त्यांची विल्हेवाट वेगळी लावतात. तोपर्यंत त्या कागद, कापड, लाकडाच्या भुश्यापासून लांब एखाद्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. बॅटरी फुगलेली किंवा फुटलेली दिसली, गोडसर वास आला किंवा ती आपोआप गरम लागायला लागली, तर केंद्र उघडायची वाट न बघता लगेच घराबाहेर उघड्यावर नेऊन ठेवा.